सांभाळाचं कलम

आमच्या पेठ वडगावात म्हातारं माणूस वकिलाकडं येतं ते बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन: "ताई, पोराच्या नावावर करून टाकायचं हाय." तीस-पस्तीस गुंठे ऊस, पेठेतलं दोन खोल्यांचं घर, कधी वारणाकाठची भावकीत सामाईक अडकलेली जमीन. येणारा सहसा बाजाराच्या दिवशी येतो, म्हणजे बियाणं, दवाखाना आणि वकील एकाच फेरीत उरकतात. सोबत मुलगा असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा आणि आठ-अ असतो, आणि पहिला प्रश्न स्टॅम्पाचा असतो: खर्च किती येईल?

मी त्याच्या आधी माझा प्रश्न विचारते. करून दिल्यावर तुम्ही राहणार कुठं? अंथरुणाला खिळलात तर औषधपाणी कोण करणार, आणि कशातनं? मुलाचा चेहरा उतरतो. म्हातारा लगेच त्याची बाजू सावरून घेतो: "बघतंय की पोरगं. न बघाय काय झालं?" त्याचा विश्वास खोटा नसतो, आणि बहुतेक मुलं बघतातही. पण मुलगाच अपघातात आधी गेला, जमीन सुनेच्या आणि नातवंडांच्या नावावर चढली आणि सासऱ्याला स्वतः बांधलेल्या घरात कोपरा मागावा लागला, अशी घरं मी पाहिली आहेत. त्यात सुनेलाही बोल लावता येत नाही. तिच्यापुढं तिची पोरं असतात.

इथल्या कोर्टात दिवाणी कामं करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं. म्हातारपणाचा जमिनीचा कागद आणि म्हातारपणाचं आजारपण ही दोन वेगळी कामं समजली जातात. एक वकिलाचं, एक डॉक्टरचं. पहिलं काम माणूस हिंडता-फिरता असताना, घाईघाईत करून मोकळा होतो. दुसरं अंगावर येऊन पडतं तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. दोन्ही एकाच बैठकीत, एकाच कागदात बसवली पाहिजेत.

बक्षीसपत्र एकदा नोंदलं की मन बदललं म्हणून देणाऱ्याला एकट्याला ते मोडता येत नाही. मृत्युपत्र मात्र शुद्धीत असेपर्यंत हवं तितक्यांदा बदला. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांपुढं सही झाली की ते कायद्यात बसतं. म्हणून शक्य तिथं मी मृत्युपत्राकडंच वळवते. पण मुलगा म्हणतो, जमीन माझ्या नावावर असल्याशिवाय सोसायटी मला पीककर्ज देत नाही. त्याची अडचण खरी असते. मग बक्षीसपत्र करायचं ठरतं, आणि मी एका कलमासाठी अडून बसते.

ते कलम साधारण असं असतं: "लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांचे पत्नीचा तहहयात सांभाळ करणेचा आहे. अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार, दवाखान्यात दाखल करणेचा खर्च व घरी आलेनंतरचे शुश्रूषेचा खर्च लिहून घेणार यांनी सोसणेचा आहे. सदर घरातील पूर्वेकडील खोली व संडास-न्हाणीचा वापर यांचा हक्क लिहून देणार यांनी तहहयात राखून ठेवला आहे. यात कसूर झालेस सदरचे बक्षीसपत्र रद्द करून घेणेचा हक्क लिहून देणार यांना राहील." संडासाचा उल्लेख वाचला की मंडळी अवघडतात. मी तो काढत नाही. पॅरालिसिस झालेल्या माणसाची खोली वर माडीवर आणि संडास खाली परसात, एवढ्या एका गोष्टीनं म्हातारपण नासलेलं मी पाहिलं आहे.

या कलमाला जोर आहे तो आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ चा. सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं झाला असं धरून न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं. खरी मेख 'अटीवर' इथं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, अशी अट होती हे दिसलं पाहिजे, नुसतं म्हातारपणात दिलं म्हणून पुरत नाही. २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित खटल्यात त्याच न्यायालयानं कायद्याचा हेतू पाहून आईच्या बाजूनं निकाल दिला. दुसरा निकाल वाचून मला समाधान वाटलं. तरीही माझ्या अशिलाला पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या दयाबुद्धीवर सोडण्यापेक्षा आज चार ओळी जास्त टाईप करून घेतलेल्या मला बऱ्या वाटतात.

आमच्या हातकणंगले तालुक्यासाठी हे न्यायाधिकरण म्हणजे इचलकरंजीचे प्रांत. चरितार्थापोटी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ते ठरवून देऊ शकतात. कायद्याच्या कलम १७ नं वकिलाला तिथं मज्जाव केलेला आहे. त्यामुळं अर्ज मी लिहून देते, कागद क्रमानं लावून देते, आणि कुठला कागद कधी पुढं करायचा ते आजीला दोनदा म्हणायला लावते. बोलायचं तिनंच. सुरुवातीला मला हा मज्जाव खुपायचा. आता वाटतं, पोटच्या पोराविरुद्ध काय मागायचं आणि काय मागायचं नाही हे आईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं ठीकच. काही जणी तिथं जाऊन पैसे मागतच नाहीत, फक्त खोलीची चावी मागतात.

याच्या उलट एक गोष्ट मला फार टोचते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळावेत म्हणून काही म्हातारी माणसं जमीन मुलाच्या नावावर करून टाकतात, कारण उत्पन्नाच्या दाखल्याची मर्यादा वर्षाला २१,००० आहे. आजच्या महागाईत २१,००० हा आकडा अन्यायाचा आहे, तो वाढायलाच हवा. पण तो वाढेपर्यंत १,५०० रुपयांसाठी एक एकर बागायती जमिनीवरचं नाव काढू नका, हे मी हात जोडून सांगते.

एक घर मात्र मी मनापासून उलगडून सांगेन. वडील शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून निवृत्त झालेले. थोरला मुलगा शेती आणि दोन म्हशी बघणारा, लेक सांगली जिल्ह्यात दिलेली, आणि धाकटा पस्तिशीचा, जन्मापासून बुद्धीनं मागं राहिलेला. धाकट्याला पैशाची बेरीज येत नाही, पण डेअरीची वेळ तो कधी चुकवत नाही. किटली घेऊन तो निघाला की गल्लीतली माणसं घड्याळ लावतात. वडिलांचा बेत असा की सगळं थोरल्याच्या नावावर करायचं, लेकीचं आणि धाकट्याचं हक्कसोडपत्र घ्यायचं, "मग थोरला बघंल धाकट्याला."

मी म्हटलं, मामा, धाकट्याचं हक्कसोडपत्र होतच नाही. ज्याला व्यवहार कळत नाही त्याचा अंगठा घेतलेला कागद करार कायद्यात टिकत नाही, आणि उद्या भावकीतला कोणीही तो उपटून टाकेल. दुसरं, हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ नं स्वच्छ सांगितलंय की आजार, व्यंग, कमतरता यामुळं कोणाचाही वारसा जात नाही. तलाठ्याकडं वारस नोंद देताना "त्याला काय कळतंय" म्हणून अशा भावाचं नाव गाळलं जातं. तो गुन्ह्याच्या पातळीवरचा अन्याय आहे, मग भाऊ कितीही मायेचा असो.

तिसरी गोष्ट मामांना अजिबात ठाऊक नव्हती. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडिलांचं कायदेशीर पालकत्व संपतं, मुलाची समज कितीही कमी असली तरी. पस्तीस वर्षांच्या मुलाच्या बँकेच्या कागदावर बापाची सही सतरा वर्षांपूर्वीच कुचकामी झालेली होती. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं सोय केली आहे: जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. त्यासाठी आधी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड हवं. मामांनी ते कधी काढलंच नव्हतं. गावात मुलाला 'तसला' म्हणून शिक्का बसेल ही भीती त्याच्या लहानपणापासून घरात होती, आणि त्या भीतीपायी इतकी वर्षं हक्काच्या गोष्टी राहून गेल्या. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांची रक्कम आता महिना २,५०० झाली आहे. नगरपरिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्चायचे असतात. सगळ्याला दाखला लागतो.

पालक कोण, यावर घरात चार दिवस बोलणं झालं असेल. शेवटी लेक पालक झाली आणि थोरला जमीन कसणारा राहिला. हे मी मुद्दाम सुचवलं होतं. ज्याच्या हातात जमीन त्याच्याच हातात अजाण माणसाचं पालकत्व, हे मला नको वाटतं. पालकाला सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि दर वर्षी हिशेब समितीला द्यावा लागतो. म्हणजे थोरल्यानं बहिणीला उसाचा हिशेब दाखवायचा, बहिणीनं समितीला. थोरल्याला आधी हे अपमानाचं वाटलं. मी त्याला म्हटलं, तू उद्या नसलास तर तुझी बायको हा हिशेब कोणाला दाखवेल, का तिनं गावाच्या बोलण्याला तोंड देत बसायचं? त्याला ते पटलं. समितीपुढं अधिकाऱ्यांनी धाकट्याला विचारलं, बहीण बघेल तुला, चालेल? तो म्हणाला, "आक्का चहा गोड करती." अधिकाऱ्यांनी ते उत्तर जसंच्या तसं टिपणीत घ्यायला सांगितलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

मामांच्या कागदपत्रांत मला पीएफच्या पेन्शनचं पासबुक दिसलं. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत सभासदाच्या मागं कायमचं पूर्ण अपंगत्व असलेलं मूल असेल, तर त्याला वयाची अट न लावता हयातभर पेन्शन मिळते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात हजारो कामगार निवृत्त होतात. त्यातल्या किती घरांना हे माहीत असेल? सरकारी नोकरांच्या कुटुंब निवृत्तिवेतनातही अशी तरतूद आहे. मात्र कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव आणि दाखला बाप जिवंत असतानाच लावून घेतलेला बरा. बाप गेल्यावर बहिणीनं हे सिद्ध करत फिरायचं म्हणजे दोन वर्षं गेलीच.

धाकट्यासाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमाही काढला. वर्षाला एक लाखापर्यंत, वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि दवाखान्यात दाखल न होता घेतलेले उपचार आणि थेरपीही त्यात बसतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाला बाजारातला विमा इतक्या सहज कोणी देत नाही. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेवढं आक्कानं भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवलंय.

आता मामांचं स्वतःचं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरी गाठलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं. त्याचं वय वंदना कार्ड निघतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, तिचीही मर्यादा पाच लाख. ऐकायला सोपं आहे. पण वय आधारवरचं धरतात, आणि आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म आधारवर १ जानेवारीचा असतो, तोही अंदाजे टाकलेल्या सालातला. मामा स्वतःला बाहत्तरचे म्हणत, आधार सदुसष्ट म्हणत होतं. त्यांच्या शाळेतून जुना दाखला काढून आणला, जन्मतारीख दुरुस्त केली, मगच कार्ड निघालं. मामींच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर शेणामातीत आणि भांगलणीत बोटं झिजलेली. चेहऱ्याच्या पडताळणीवर त्यांचं काम झालं. ही खटपट अंगात ताप नसताना करायची असते. माणूस स्ट्रेचरवर आणि मुलगा आरोग्यमित्राच्या टेबलापुढं झेरॉक्स शोधतोय, हे दृश्य कोणत्याही मोठ्या दवाखान्यात रोज दिसतं.

आणि या सगळ्या योजना दवाखान्यापुरत्या आहेत. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन फुकट झालं, सुटी मिळाली, दहा-पंधरा दिवसांची औषधं पदरात पडली. पुढं? हवेची गादी, डायपर, लघवीची नळी, व्यायाम करून घेणारा माणूस, रात्रीची बाई. हा खर्च महिने-वर्षं चालतो आणि त्याला कुठलंच कार्ड चालत नाही. बक्षीसपत्रात मी 'घरी आलेनंतरचे शुश्रूषेचा खर्च' असं वेगळं लिहिते ते यासाठी. ज्यांना थोडी ऐपत आहे त्यांना मी सांगते, सगळी जमीन देऊ नका. दहा गुंठे स्वतःच्या नावावर तहहयात ठेवा, तेवढ्या उसाचं बिल स्वतःच्या खात्यावर येऊ द्या. मुलं पुण्यात नोकरीला असतील तर विम्याचंही बघा. एप्रिल २०२४ पासून वयाच्या पासष्टीची अडवणूक गेली आहे, आणि जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. फक्त फॉर्म भरताना बीपी-शुगर लपवू नका. एजंट म्हणेल चालतंय. क्लेमच्या वेळी तो एजंट तुमच्या शेजारी उभा नसतो.

मुखत्यारपत्राबद्दलचा गैरसमज तर सुशिक्षितांतही आहे. वडिलांना विसरभोळेपणा लागला, किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन ते बेशुद्ध आहेत, म्हणून मुलं त्यांच्या जुन्या मुखत्यारपत्रावर ठेवी मोडायला जातात. देणाऱ्याची समज गेली की करार कायद्यानं मुखत्यारपत्रही संपतं, नेमकं जेव्हा त्याची गरज असते तेव्हाच. अशा प्रौढ माणसाचा पालक नेमायला उच्च न्यायालयात जावं लागतं. मानसिक आजारी माणसाच्या मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमण्याची १९८७ च्या कायद्यातली सोय २०१७ च्या नव्या कायद्यात राहिलेली नाही, त्यामुळं त्या घरांचाही रस्ता तोच. पूर्वी हे म्हटलं की माणसं मुंबईच्या नावानंच खचायची. एक जण आयसीयूबाहेर, दुसरा रात्रीच्या गाडीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू झालं आणि वडगावहून अर्ध्या-पाऊण तासावर ते काम आलं. त्या बेंचसाठी आम्ही सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. त्याचं मोल मला अशा अर्जांच्या वेळी जास्त कळतं.

पण निम्मे अर्ज टळतात, जर ठेवी नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर आणि दोघांपैकी कोणीही काढू शकेल अशा पद्धतीनं असतील तर. आणि समज शाबूत आहे, फक्त हात चालत नाही, तर मुखत्यारपत्राचीही गरज नसते. रिझर्व्ह बँकेची सूचना आहे की सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा, तोही नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेऊन, दोन साक्षीदारांसमक्ष पैसे द्यावेत. त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. मी त्या सूचनेची प्रत टेबलाच्या खणात ठेवलेली आहे. दस्त नोंदायलाही दुय्यम निबंधक आजाऱ्याच्या घरी येऊ शकतात, त्याला गृहभेट म्हणतात. हे माहीत नसल्यानं माणसाला खाटेसकट टेंपोत घालून आणलेलं मी पाहिलंय.

शेवटचा मुद्दा लेकींचा, आणि त्याबद्दल मला राग आहे तो मी लपवत नाही. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. माहेर तुटू नये म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते, साडी-चोळी घेते आणि जाते. पण आई सीपीआरला दाखल झाली की फोन तिलाच जातो. पंधरा-पंधरा दिवस ती तिथं पायरीवर बसते, मजुरी बुडवते, गाडीभाडं स्वतःचं घालते. सही करताना तिच्या या खर्चाचा शब्दसुद्धा कोणी काढत नाही. म्हणून मी आता मामांच्या कागदात घातलं तसं कलम इतर कागदांतही घालायला लागले आहे: आई-वडिलांच्या किंवा भावाच्या आजारपणात मुलीनं केलेला खर्च जमीन घेणाऱ्यानं त्या हंगामाच्या ऊसबिलातून तिला द्यायचा. दोन-तीन घरांनी हे कलम काढायला लावलं, एकानं वकीलच बदलला. मामांच्या थोरल्याला मी ते वाचून दाखवलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "बिलाचं काय खरं नसतंय ताई, उशिरा येतंय. पहिल्या उचलीतनंच द्यायचं असं लिवा."

तसंच लिहिलं.